शेठचा ऑरोरा आणि सोनाबाईचं भात

"मॅडम, तुमचं आकाश नीट काळं नाहीये."

माझ्याबद्दल आयुष्यात पुष्कळ तक्रारी झाल्या. तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा पालक म्हणायचे, बाई फार ओरडतात. मुख्याध्यापक म्हणायचे, बाई फार बोलतात. पण आकाशाच्या रंगाबद्दल मला जबाबदार धरणारा हा पहिलाच गृहस्थ. थंडीचे दिवस, अमावास्या, आणि आंदर मावळातलं एक उघडंबोडकं पठार. गृहस्थ मुंबईचे, गळ्यात माझ्या दुर्बिणीहून महाग कॅमेरा. बुकिंग करताना त्यांना 'पूर्ण काळोख' कबूल केला होता, आणि इथे त्यांना शेजारी बसलेल्या बायकोच्या डोक्याची कड आकाशावर स्पष्ट दिसत होती. ही फसवणूक आहे असं त्यांचं म्हणणं.

गंमत म्हणजे गृहस्थ बरोबर बोलत होते. त्यांच्या त्या बरोबर बोलण्यातून पुढे जो गोंधळ झाला तो सांगण्याआधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगते.

निवृत्त झाल्यावर घरी बसणं मला काही जमलं नाही. घरच्यांनाही ते जमलं नाही. मग मी माझी जुनी दुर्बीण पुसली आणि लोणावळा-कुसगावच्या हॉटेलांत जाऊन विचारलं, की तुमचे पाहुणे जेवल्यावर करतात काय? त्यांना मी आकाश दाखवते. तेव्हापासून मी 'दुर्बीणवाल्या मॅडम' झाले. काम बाहेरून वाटतं तितकं दिव्य नाही. अर्धं काम म्हणजे दिवे बंद करायला लावणं. माणसाच्या डोळ्याला अंधार कळायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि ती झाली रे झाली की कोणीतरी मोबाइल काढून किती वाजले ते बघतं. मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या विजेरीला मी पतंगाचा लाल कागद दुहेरी करून बांधते, कारण लाल उजेडाने डोळा फारसा बिघडत नाही. उरलेलं अर्धं काम माणसं सांभाळण्याचं.

एका कापडाच्या व्यापाऱ्यांनी शनीकडे पाहायला साफ नकार दिला. त्यांची साडेसाती चालू होती. बायकोमुलांना त्यांनी गाडीत बसवलं आणि काचा वर केल्या. मी म्हटलं, "अहो, तुम्ही त्याला पाहिलं नाहीत तरी तो तुम्हाला पाहतोच आहे." त्यावर तेही गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या एकाला बायकोच्या वाढदिवसाला पूर्ण चंद्र हवा होता. वाढदिवस अमावास्येला. "काहीतरी ॲडजस्ट करा ना मॅडम," म्हणाला. मी त्याला म्हटलं, चंद्र माझ्या शाळेत नव्हता, नाहीतर कान धरून आणला असता.

हे पठार मला मनोजने मिळवून दिलं. मनोज माझा विद्यार्थी. प्रकाशाचं परावर्तन त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आता कुसगावात त्याचं हॉटेल आहे, लोक त्याला शेठ म्हणतात आणि तो मला अजून बाई म्हणतो, एवढं मी त्याला मानते. पठार खालच्या वाडीतल्या बबनरावांचं. मनोजने ते त्यांच्याकडून भाड्याने घेऊन वर तंबू टाकले. पठार म्हणजे तसं टेकाडच. त्याच्या पायथ्याशी बबनरावांच्या भावजयीचा, सोनाबाईंचा गोठा, आणि गोठ्याला लागून त्यांचं भाताचं खाचर. नवरा गेल्यापासून सोनाबाई एकट्याच ते करतात. वर चढण्याआधी माझा चहा त्यांच्याकडे ठरलेला. म्हशीशी आणि माझ्याशी त्या एकाच सुरात बोलतात, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण म्हैस त्यांची फार लाडकी आहे.

त्या खाचरात सोनाबाई जुना आंबेमोहोर लावतात. आसपासच्या सगळ्यांनी कधीच दुकानातलं बी धरलं. ते लवकर येतं, आडवं पडत नाही, उतारा जास्त. सोनाबाईंचं बी मात्र सासूकडून आलेलं, दरवर्षी आपल्याच भातातून राखलेलं. ते दुकानात मिळत नाही. वाडीत दुसऱ्या कोणाकडे उरलेलं नाही.

तर आकाश. त्या रात्री मी त्या गृहस्थांना सांगितलं ते असं. चंद्र नसला, ढग नसले, आसपास एकही दिवा नसला तरी आकाश काळंकुट्ट नसतं. तळेगाव-वराळ्याच्या बाजूला जो पिवळट फुगवटा दिसतो तो सोडा, ते आपल्या दिव्यांचं कर्तृत्व. त्याशिवायही वर एक फिकट उजेड असतो. काही ताऱ्यांचा, काही सूर्याभोवती पसरलेल्या धुळीवरून आलेला, आणि बराचसा खुद्द हवेचा. दिवसभर ऊन वरच्या विरळ हवेतले रेणू फोडत असतं. लोणावळ्याहून मुंबई जेवढी लांब, त्याहून थोडं अधिक सरळ वर जा, तिथली ही गोष्ट. रात्री ते फुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना भेटतात, जुळतात, आणि जुळताना दिवसा घेतलेलं थोडंसं उजेडाच्या रूपात सोडून देतात. म्हणजे हवा दिवसाचं ऊन रात्री सावकाश परत करत असते. डोक्यावर हा उजेड कमी दिसतो, खाली कडेला जास्त. मच्छरदाणीतून सरळ वर पाहिलं तर पंखा दिसतो, तिरकं पाहिलं तर नुसती जाळी दिसते, तसंच ते. त्यातला ठळक भाग प्राणवायूचा, हिरवा. पण तो इतका मंद असतो की आपल्या डोळ्याला त्यातला रंग कळत नाही, नुसती राखाडी कळते.

"हिरवा?" म्हणून गृहस्थांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला आणि बराच वेळ उघडा ठेवून फोटो काढला. पडद्यावर खरंच हिरवे पट्टे आले, क्षितिजापासून वरपर्यंत. गृहस्थ दचकले. "हे कंपन्यांचं केमिकल आहे," असं म्हणून त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी पुन्हा सगळं समजावलं. माझ्या मागे मनोज चहाचा कप धरून उभा होता. शाळेत कधी ऐकलं नाही इतक्या लक्षपूर्वक तो ऐकत होता, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

"बाई, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स? ऑरोरा?"

"नाही रे. तिकडे ध्रुवाजवळ सूर्याकडून आलेले कण हवेवर आपटतात. ते वेगळं. हे रोजचं, सगळीकडचं."

"पण हिरवंच ना?"

"हिरवंच."

"ऑक्सिजनच ना?"

"ऑक्सिजनच."

"मग झालं तर," मनोज म्हणाला.

पुढच्या आठवड्यात कुसगावच्या फाट्यावर फलक लागला: 'मावळ ऑरोरा. आता नॉर्वेला जायची गरज नाही.' फलकावर त्या गृहस्थांनी काढलेला हिरवा फोटो आणि कोपऱ्यात दुर्बिणीला डोळा लावलेली मी. माणसं आली. स्वेटर घालून, माना वर करून बसली. त्यांना राखाडी आकाश दिसलं. "कधी सुरू होणार?" म्हणून ती मलाच विचारू लागली. मी सांगायची, सुरूच आहे. एका बाईंनी तर इतका वेळ वर पाहिलं की त्यांची मान धरली, आणि घरी जाऊन त्यांनी अभिप्रायात लिहिलं की ऑरोरा बंद होता, स्टाफ मात्र प्रेमळ.

उन्हाळ्यात धुरळ्याने आकाश माखलं आणि ऑरोराही निजला. मग पावसाळा आला. पावसाळ्यात माझं काम बंद असतं, दुर्बीण पेटीत आणि मी घरात. लोणावळ्याचा मात्र तोच खरा हंगाम, डोंगराहून गाड्या जास्त. आभाळ खाली उतरलेलं, एक तारा दिसायची सोय नाही, आणि नेमक्या याच दिवसांत मनोजचा ऑरोरा धो धो चालायला लागला. त्याने पठाराच्या कडेला उंच खांब रोवले, वर हिरवी काच लावलेले प्रखर दिवे चढवले आणि त्यांची तोंडं ढगांकडे केली. ढगांवरून उजेड परतून येतो हे त्याला आता न शिकवता कळलं. धुकं, त्यात हिरवा झोत, खाली संगीत. लोक वेडे झाले. हिरव्या उजेडात चेहरे कावीळ झाल्यासारखे येतात अशी तक्रार आली तेव्हा त्याने आणखी दोन पांढरे दिवे दरीकडे तोंड करून लावले, सेल्फीसाठी. तंबूत माणसं असतात, अंधारात पाय घसरेल, म्हणून ते रात्रभर चालू.

मी फोनवर म्हटलं, "मनोज, हे खोटं आहे."

"बाई, तुमचं खरं होतं तेव्हा कुणाला दिसत नव्हतं," तो म्हणाला. मला त्याचा फार राग आला.

दसऱ्याच्या सुमाराला सोनाबाईंचा फोन आला. "बाई, जरा येता का? भात निसवना."

निसवणं म्हणजे भाताच्या पोटरीतून, फुगलेल्या ताटातून, लोंबी बाहेर येणं. मी गेले. शेजारची खाचरं पिवळी पडायला लागली होती, काही ठिकाणी विळे निघाले होते. सोनाबाईंचं खाचर मात्र हिरवंगार, कमरेएवढं, आणि बहुतेक लोंबीविना. शनिवारी आलेले पाहुणे बांधावर उभे राहून त्याचेच फोटो काढून गेले होते. किती सुंदर हिरवं, म्हणाले.

"भावजी म्हनत्यात बी म्हातारं झालं, दम संपला त्येचा," सोनाबाई म्हणाल्या. "दुकानवाला म्हनतो माजं बी न्या. शेजारीन म्हनती दिष्ट लागली. औंदा तांदूळ इकत आनून खाईन वो मी, त्येचं काय न्हाई. पर बी गेलं तर पुन्यांदा कुटनं आनू?"

त्या रडणाऱ्यातल्या नाहीत. पण हे बोलताना त्या म्हशीकडे बघत बोलल्या, माझ्याकडे नाही. मी बांधावर वाकून पाहिलं. कीड नव्हती, पाणी होतं, पानं तजेलदार होती. मी विज्ञानाची बाई असले तरी भाताबद्दलची माझी माहिती पुस्तकातली आणि ताटातली.

मनोजला चार शब्द सुनवायचेच होते म्हणून मी पठारावर निघाले. सोनाबाईही आल्या. मनोज नव्हता. कडेला उभ्या राहून आम्ही खाली पाहिलं. हिरव्या खाचरात एक पिवळा तुकडा होता. वेडावाकडा नाही, चांगला कापून लावल्यासारखा. दोन बाजूंना उतार, मध्ये टोक.

"माज्या गोठ्याचं छप्पर हाय की त्ये," सोनाबाई म्हणाल्या.

होतंच. गोठ्याच्या मागे, गोठ्याच्याच आकाराचं भात निसवून पिकायला लागलं होतं. मी मान वळवली तर माझ्या खांद्याशी दिव्याचा खांब, आणि पांढऱ्या दिव्याचं तोंड थेट खाचरावर.

"तितं उजेड पोचत न्हाई रातचा. गोठा आड येतो," त्या म्हणाल्या. मग मला पुस्तकातलं आठवलं. जुनी भातं रात्रीच्या लांबीवर चालतात. पावसाळा सरताना रात्र लांबायला लागली की त्यांना कळतं, आता पोटरीत यायचं. या भाताला रात्र झालीच नव्हती. श्रावण, भाद्रपद सगळा त्याला एकच लांबलचक दिवस वाटत होता. आकाशाचा तो खरा मंद उजेड भाताला कळत नाही, माणसालाही कळत नाही. मनोजचा दोघांनाही बरोबर कळला.

संध्याकाळी मनोज आला, बबनरावही आले. मी सगळं सांगितलं.

"बाई, दिव्याने भात येत नाही? बाहेर बोलू नका हं, लोक हसतील," मनोज म्हणाला. पण मी त्याला कडेला नेऊन तो पिवळा तुकडा दाखवल्यावर हसला नाही. म्हणाला, "ठीक आहे. मावशी, तुमचं नुकसान माझं. वर्षभराची बासमती पोचवतो घरी."

"बासमती काय पेरू व्हय?" सोनाबाई म्हणाल्या.

"सीझन संपू द्या, मग दिवे काढतो. दिवाळीपर्यंत बुकिंग आहे."

"दिवाळीला भातात काय उरंल रं?"

बबनराव मध्ये पडले. "वयनी, शेठमुळं रस्ता झाला. समद्यांच्या पोटाचं बगा. पठार माजं हाय, मी दिलंय."

"पठार तुमचं, खाचर माजं. माजं काय म्हननं न्हाई," सोनाबाई म्हणाल्या. "पर भावजी, ह्यो उजेड हद्द बगत न्हाई."

त्यावर कोणी काही केलं नाही. मनोज 'बघतो' म्हणाला. मावळात 'बघतो' या शब्दाचा अर्थ डोळे मिटणे असा आहे.

पुढच्या शनिवारी पाऊस संपला म्हणून मनोजने मलाही दुर्बीण घेऊन बोलावलं होतं, खऱ्या आणि खोट्या आकाशाचा जोड कार्यक्रम. दिवेलागणीला मी वर पोचले तर सोनाबाई आणि वाडीतल्या तीन बाया डोक्यावर इरली घेऊन पठार चढत होत्या. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं पाठीपर्यंत येणारं टोपडं. लावणीला वाकून काम करताना पावसात पाठ कोरडी राहते. हल्ली सगळ्या प्लास्टिकचा कागद घेतात, इरली माळ्यावर पडून असतात. पाऊस नसताना ती घेऊन या कुठे निघाल्या ते मला कळेना. त्यांनी तंबू बांधायची शिडी उचलली, खांबाला लावली, आणि एकेका दिव्यावर एकेक इरलं उपडं घालून काथ्याने करकचून बांधलं. दरीकडचे दोन पांढरे आधी, मग हिरवे. कसलाही आरडाओरडा नाही. लावणी करावी तसं ओळीने केलं. पाहुण्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मनोज धावत आला. "मावशी, हे काय? लोक आलेत, मी त्यांना काय दाखवू?"

"बाईंना इचार. त्यास्नी लय म्हायती हाय वरची," सोनाबाई म्हणाल्या आणि शिडीशी मांडी ठोकून बसल्या. शिडी कोणाला मिळणार नव्हती.

मनोजने माझ्याकडे पाहिलं, तशीच नजर त्याची तोंडी परीक्षेत असायची. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. मी पाहुण्यांना बसवलं, मोबाइल पालथे ठेवायला लावले. कुरकुर झाली. ऑरोरा कधी, म्हणून झालं. एकाने पैसे परत मागितले. मग हळूहळू आवाज कमी झाले, आणि बऱ्याच वेळाने मागून एका बाईंनी विचारलं, "मॅडम, सगळे दिवे झाकलेत, चंद्रही नाही. मग आम्हाला एकमेकांची डोकी कशी दिसताहेत?"

इतकी वर्षं हे काम केलं, हा प्रश्न तक्रार म्हणून आला होता, प्रश्न म्हणून पहिल्यांदाच आला. मी सांगितलं, फुटलेली हवा, रात्रीचं जुळणं, सगळं. त्या वर बघत राहिल्या. त्यांच्या नवऱ्याने "एवढंच?" म्हटलं. असे नवरे प्रत्येक कार्यक्रमात असतात. शिडीशी बसलेल्या सोनाबाई मात्र वर पाहत नव्हत्या. त्या खाली खाचराकडे पाहत होत्या, तिथे बऱ्याच महिन्यांनी रात्र झाली होती.

मनोजने इरली काढली नाहीत. त्याला पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. बायांनी शिडीच वाडीत नेऊन ठेवली. अंधारात राहिल्यावर ते हिरवं भात निसवलं, पण फार उशिरा, थंडीत, पाणी आटल्यावर. निम्म्याहून अधिक लोंब्या पोचट निघाल्या, म्हशीच्या वैरणीला गेल्या. गोठ्याच्या सावलीतला तुकडा सोनाबाईंनी वेगळा कापला, वेगळा झोडला, उन्हात वाळवला आणि कणगीत न घालता घरातल्या मडक्यात भरून ठेवला. त्यातला एक दाणाही शिजवला नाही. मला नव्या भाताची फार आशा होती, पण मागायची हिंमत झाली नाही.

यंदा पावसाच्या तोंडावर मी त्यांच्याकडे चहाला बसले होते तर मनोज आला. त्या रात्रीचा कोणाचा तरी व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला होता. आता त्याला अंधार विकायचा होता. नवा फलक छापूनही झाला होता: 'मावळचा अस्सल काळोख.' त्याची कल्पना अशी की दर शनिवारी सोनाबाईंनी नऊवारी नेसून यावं, पाहुण्यांसमोर दिव्यांवर इरली घालावीत, मागे ढोलकी.

"येते की," सोनाबाई म्हणाल्या. "पर आदी दिवं काड त्ये."

"मावशी, दिवेच काढले तर इरलं घालणार कशावर?"

सोनाबाईंनी माळ्यावरून एक इरलं ओढलं, झटकलं आणि त्याच्या हातात दिलं.

"डोस्क्यावर घाल," त्या म्हणाल्या. "आन लावनीला ये. बी हाय औंदा."